लेकीची रायफल: ती रहिवासी न्यू जर्सीची की वेस्ट व्हर्जिनियाची?

एडिसनची_आई

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगून अर्धवट उत्तर नको, म्हणून सगळं लिहिते.

माझी मुलगी १९ वर्षांची. जन्म इथलाच, अमेरिकन नागरिक. वेस्ट व्हर्जिनियात मॉर्गनटाउनला दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. शाळेपासून रायफल नेमबाजी करते. आजवर क्लबच्या रायफलवर भागलं. आता तिच्यासोबत सराव करणारी एक मुलगी मे महिन्यात पदवी घेऊन चालली आहे आणि स्वतःची पॉइंट टू-टू अ‍ॅन्शुट्झ विकते आहे. रायफल डावखुरी आहे आणि माझी लेकही डावखुरी. वापरलेली, परवडणारी आणि डावखुरी अशी रायफल पुन्हा कधी मिळेल कोण जाणे. विकणारी मुलगी मूळची ओहायोची.

लेकीचं ड्रायव्हिंग लायसन्स न्यू जर्सीचं. फी आम्ही बाहेरच्या राज्याची भरतो. वर्षातले आठ महिने ती तिकडे, चार महिने घरी, न्यू जर्सीतल्या एडिसनला. मग ती रहिवासी कुठली? रायफलची नोंदणी कुठे करायची? सुट्टीत घरी आणली तर?

दुसरी गोष्ट मला जास्त छळते आहे. ऑगस्टपासून ती हॉस्टेल सोडून अपार्टमेंट घेते आहे. सोबत नाशिकची एक मुलगी, एमएस करणारी, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. तिच्या आईशी माझं फोनवर बोलणं असतं. परवा त्यांनी विचारलं, "घरात बंदूक असणार का हो?" मला उत्तर देता आलं नाही.

जर्सीकर_९८

लायसन्स जिथलं, रहिवासी तिथलं. इतका विचार करू नका. मैत्रिणीकडून पैसे देऊन घ्या, खासगी व्यवहाराला तिकडे कागद लागत नाही.

पिट्सबर्गचे_काका

ताई, वरचा सल्ला कृपा करून पाळू नका. जर्सीकर, राग मानू नका, पण यात पोरीवर केंद्राचा फौजदारी गुन्हा लागू शकतो.

मी अकरा वर्षं इथल्या एका खेळसामानाच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर होतो. दर ऑगस्टला कॉलेजची मुलं यायची आणि दर ऑगस्टला हाच प्रश्न.

केंद्राच्या कायद्यात राहणं म्हणजे खरोखर राहणं. बंदूक-दुकानांना परवाने देणारं खातं म्हणजे एटीएफ. त्यांचा १९८० सालचा निर्णय नेमका बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. सत्र चालू असताना विद्यार्थी हॉस्टेलवर किंवा बाहेर खोली घेऊन राहतो, तेवढ्या काळात तो त्या राज्याचा रहिवासी. सुट्टीत आईवडिलांकडे येऊन राहिला की घरच्या राज्याचा. म्हणजे तुमची लेक आज वेस्ट व्हर्जिनियाची आणि जूनमध्ये न्यू जर्सीची. फी कुठल्या दराने भरता याचा इथे संबंध नाही.

आता विकणारी. दोन वेगळ्या राज्यांच्या रहिवाशांनी परस्पर बंदूक विकणं-घेणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. सत्रात दोघीही मॉर्गनटाउनला राहतात, म्हणून दोघी एकाच राज्याच्या, असं म्हणता येईल. पण तिने सामान बांधून ओहायो गाठलं की ते गणित मोडलं. ती नेमकी कुठल्या दिवशी कुठली होती हे पुढे कोर्टात सिद्ध करत बसायचं का? मॉर्गनटाउनच्या परवानाधारक दुकानदाराकडे दोघींनी जावं आणि व्यवहार त्याच्यामार्फत करावा. तो थोडी फी घेईल. द्या.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात सध्या राहतो तो पत्ता खरा लिहायचा. लेकीच्या लायसन्सवर एडिसन आहे, हॉस्टेलचा पत्ता नाही. अशा वेळी फोटोच्या ओळखपत्रासोबत सरकारने दिलेला, नवा पत्ता असलेला दुसरा कागद चालतो: त्या राज्यातली गाडीची नोंदणी, शिकारीचा परवाना असं काहीतरी. भाड्याचा करार किंवा विजेचं खासगी बिल आणून मुलं माझ्याशी वाद घालायची. त्यांना परत पाठवताना वाईट वाटायचं, पण पाठवलं. काहीच नसेल तर वेस्ट व्हर्जिनियाचं लायसन्स काढून घेणं सरळ. गाडीच्या विम्यावर त्याचा काय परिणाम होतो ते आधी विचारा.

आता जी गोष्ट मुलं हटकून विसरतात ती सांगतो. केंद्राच्या २०२२ च्या कायद्यापासून २१ वर्षांखालच्यांची तपासणी जास्त खोल होते. त्यांच्या अल्पवयीन काळातल्या नोंदीही पाहतात. शंका आली तर १० कामाचे दिवस लागू शकतात, म्हणजे कॅलेंडरचे दोन आठवडे. सही केली त्याच दिवशी रायफल हातात आली नाही, तर मिळेल त्या दिवशी फॉर्मवर पुन्हा सही करून "माझी उत्तरं अजून खरी आहेत" असं लिहून द्यावं लागतं. परीक्षा संपली, हॉस्टेल रिकामं केलं, पोरगी एडिसनला येऊन राहिली, तर पत्त्याचं उत्तर खरं राहिलं का? नाही. माझ्यासमोर एक मुलगा असाच अडकला होता. रायफल आमच्या कपाटात आणि तो घरी. त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं. म्हणून सत्राच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्म भरू नका.

नोंदणीचं म्हणाल तर वेस्ट व्हर्जिनियात ती नाहीच. साध्या रायफलींची केंद्रीय नोंदवही ठेवायला १९८६ पासून कायद्यानेच बंदी आहे. प्रश्न तुमच्या घरचा आहे. न्यू जर्सीत रायफल बाळगायला एफआयडी कार्ड, म्हणजे बंदूक घेणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र, लागतं; ते १८ व्या वर्षापासून मिळतं. कोणी बाहेरून न्यू जर्सीत राहायला आलं तर तिकडे घेतलेल्या बंदुका ६० दिवसांत नोंदवायच्या, असा न्यू जर्सीचा २०२२ चा कायदा आहे. म्हणून रायफल जर्सीची हद्द ओलांडण्याआधी लेकीच्या नावाचं कार्ड हातात हवं. अर्ज राज्य पोलिसांच्या पोर्टलवर करता येतो. बोटांचे ठसे आणि ओळखीचे दोन संदर्भ लागतात. आणखी एक: छऱ्याची एअर रायफल केंद्राच्या लेखी बंदूक नाही, पण न्यू जर्सीच्या लेखी आहे. दहा मीटरची एअर रायफल घरी आणणार असेल तर तिलाही हेच लागू.

प्रवासात रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत. गोळ्यासुद्धा गाडीतल्या कोणाच्या हाताशी नकोत. सेडान असेल तर डिकीत. एसयूव्हीची डिकी सीटकडून उघडी असते, म्हणून तिथे पेटीला कुलूप हवंच. ग्लोव्ह बॉक्स चालत नाही. वाटेत पेनसिल्व्हेनिया लागतं, तिथे मुक्काम करू नका.

नाशिकच्या मुलीबद्दल मी लिहीत होतो, पण खाली एकीने जास्त चांगलं लिहिलंय.

एफ१_मधली_मी

मावशी, मी स्वतः एफ-१ वर आहे, म्हणून लिहिते. आमच्यासारख्या व्हिसावर आलेल्यांना केंद्राच्या कायद्याने बंदूक तर नाहीच, एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. अपवाद मुख्यतः शिकारीच्या परवान्याचा: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा, मुदत न संपलेला. रेंजवर जाऊन भाड्याच्या बंदुकीने दहा गोळ्या झाडणं हेसुद्धा बाळगणंच धरतात. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय परत पाठवणी. आणि बंदूक आमच्या हातात देणाऱ्यालाही तितकीच शिक्षा आहे. "एकदा धरून बघ" असं प्रेमाने म्हणणारी मैत्रीणही त्यात येते. माझ्या वर्गातल्या मुलांना हे माहीत नाही. ते रेंजवरचे फोटो टाकतात आणि माझा जीव वरखाली होतो.

अपार्टमेंटमध्ये रायफल असली म्हणून नाशिकची मुलगी आपोआप गुन्हेगार होत नाही. पण तिजोरीचा आकडा तिला माहीत असेल, किल्ली दोघींच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर ताबा तिचाही होता असं म्हणायला जागा उरते. गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात राहून गेला तरी तेच. तुमची मुलगी सुट्टीत घरी आली आणि रायफल मागे राहिली, तर घरात रायफलीसोबत एकटी नाशिकची मुलगी. मला विचाराल तर रायफल त्या घरात नकोच.

बे_एरियातून

काकांनी फीचा संबंध नाही म्हटलं ते केंद्रापुरतं बरोबर आहे. कॅलिफोर्नियात मुलं असलेल्यांनी सावध राहा. इथे राहायला आलं की ६० दिवसांत बंदुका राज्याला कळवाव्या लागतात, आणि तुम्ही रहिवासी झालात का हे ठरवताना स्थानिक दराने फी भरणं हाही पुरावा धरतात. हवाईत तर पोचल्यापासून ५ दिवसांत पोलिसांकडे नोंदणी. माझ्या पुतण्याला हे कळलं तेव्हा त्याने रायफल मिशिगनला घरीच ठेवली.

एडिसनची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा निरोप मी लेकीला जसाच्या तसा वाचून दाखवला. तिची शेवटची परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. दोन आठवडे मागे मोजून, वर एक आठवडा हातचा धरून, दोघी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात जाणार आहेत. पत्त्यासाठी ती तिकडचं लायसन्स काढते आहे. एफआयडीचा अर्ज मार्चच्या सुट्टीत इथून भरू. कार्ड येईपर्यंत रायफल मॉर्गनटाउनलाच, क्लबच्या रेंजवरच्या तिजोरीत. तिथे जागा आहे, लेकीने विचारून घेतलं.

नाशिकच्या वहिनींना काल रात्री फोन केला. सांगितलं, रायफल घरात राहणार नाही, गोळ्याही नाहीत, रेंजवरच राहतील. आणि तुमच्या मुलीला रेंजवर बघायला यायचं असेल तर खुर्चीवर बसून बघू दे, हातात काही घ्यायचं नाही. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "भाड्याच्या करारावर सही करायला सांगते तिला."