सिरोसिसच्या पेशंटची मासळी-डाळ बंद करावी का? पावसाळ्यातल्या जेवणाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीचे. बाबा ६१ वर्षांचे, दारूमुळे लिव्हर सिरोसिस. दारू आता पूर्ण बंद. मध्यंतरी पोटातलं पाणी काढावं लागलं, मग अमोनिया वाढून माणसं ओळखेनात. तेव्हापासून लॅक्टुलोज चालू आहे, दिवसाला दोन-तीनदा सैल शौचाला व्हावं इतकं. ते ठीक चाललंय.

अडचण जेवणाची. नातेवाईक सांगतात, प्रथिनांनी अमोनिया वाढतो, म्हणून मासे, अंडी, डाळ बंद. नुसती पेज द्या. बाबांचे दंड इतके वाळलेत की मला हे ऐकवत नाही. डॉक्टरांनी उलटच सांगितलंय: वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. बाबांचं वजन ५५ किलो, म्हणजे किमान ६६ ग्रॅम. अमोनिया निकामी करण्याचं काम स्नायूही करतात, त्यामुळे स्नायू झिजले की भ्रमाचा धोका वाढतो. बार्सिलोनातल्या डॉक्टरांची २००४ सालची चाचणीही वाचली. अशाच भ्रम झालेल्या रुग्णांची प्रथिनं तोडून काही फायदा दिसला नाही, शरीराची झीज मात्र वाढली. आत्याला हे कसं पटवू? ती प्रेमापोटीच बोलते.

दुसरं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवंय. जून-जुलैत मासेमारीबंदी, ताजी मासळी महाग, आणि घरात सुके बांगडे, खारं (खारवलेली मासळी), तोराचं (कोवळ्या कैरीचं) लोणचं, सगळं मिठात मुरलेलं. लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं आणि बाबांना स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी, लघवी वाढवणारी गोळी) चालू आहे, म्हणून तेही चालत नाही. आमसूल, तिरफळं, लिंबू यावर भागवतेय. सुकी मासळी भिजवून, पाणी फेकून दिली तर मीठ पुरेसं उतरतं का? कुणी डाएटिशियनना विचारलंय?

तिसरं, झोपण्यापूर्वी खाणं. लिव्हरमध्ये साखरेचा साठा राहत नाही, त्यामुळे रात्रभरच्या उपासातही शरीर स्नायू मोडायला लागतं. पण बाबा आठलाच झोपतात आणि उठवलं की चिडतात. तुमच्या घरी काय खपलं? उकडलेलं अंडं, दूध-पोहे, नाचणीची आंबील?

दर सहा महिन्यांची सोनोग्राफी आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी यांच्या तारखा आम्ही गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) फाइलवरच लिहून ठेवतो, ती काळजी नाही.

कृपया काढे सुचवू नका. गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. घरात सिरोसिसचा पेशंट सांभाळलेल्यांनी रात्रीचं खाणं आणि सुक्या मासळीबद्दल जरूर लिहा.