अनुभव धागा: जीभ एकीकडे, डोकं दुसरीकडे

भाच्यासाठी एक कागद केला होता. हिरव्या स्केचपेनने 'लाल', निळ्याने 'पिवळा', असे वीस शब्द. वाचायचं नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली छापलेल्या प्रयोगाची ही घरगुती आवृत्ती. भाचा तेव्हा पहिलीत, बाराखडीशी झगडणारा. त्याने धडाधड रंग सांगितले. मी चौथ्या शब्दालाच अडकलो. 'हि' म्हणायला जावं तर जिभेवर 'ला' येऊन बसलेला, जबडा चक्क आवळलेला. तुम्हाला ही ओढाताण कुठे जाणवते? आणि जाणवली की ताबा येतो, की सुटतो?

—

न्यू जर्सीत आले त्या वर्षी वळताना हमखास वायपर सुरू व्हायचा, इथे इंडिकेटरची दांडी डावीकडे ना! गर्दीत प्रत्येक वळणाला पोटात गोळा, तोंडाने 'उजवीकडून, उजवीकडून' असा जप. तिथे बाजू कधी चुकले नाही. चुकले ते एका रविवारी सकाळी. रस्ता रिकामा, मन शांत. पार्किंगमधून निघाले ती थेट डाव्या बाजूने. समोर गाडी आली तेव्हा कळलं.

—

औषधाच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक मोबाइल नंबर सांगतं, 'त्र्याण्णव, बासष्ट…' कानावर आधी तीन पडतो, दाबायचा असतो नऊ. बोट ३ वर जाऊन थबकतं. एखादा आकडा चुकला की पुढच्या दोन-तीन आकड्यांना हात आपसूक मंदावतो, मी काही ठरवत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'नव्वद तीन'ची पद्धत आणली तेव्हा लोक हसले. मी खूश होतो.

—

एकादशीला चिवड्याचा बकाणा भरेपर्यंत मला काहीही जाणवत नाही. ओढाताण वगैरे सगळी गिळल्यावर.

—

न्यू जर्सीकर, तुमचा रविवार डोक्यातून जाईना. बॉटविनिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं की मेंदूतल्या अँटीरियर सिंग्युलेट या भागात दोन उत्तरांची टक्कर टिपली जाते आणि त्यावरून लगाम आवळला जातो. एक अवघड प्रश्न गेला की लगेच आलेला दुसरा अवघड प्रश्न कमी छळतो, हे तर १९९२ पासून प्रयोगांत दिसलंय. पण मेंदूने टिपणं आणि आपल्याला आतून जाणवणं एकच, हे मला पटत नाही. औषधवाल्यांचा हात बघा ना, त्यांना न विचारताच हळू होतो.

बाकी, भाचा आता तिसरीत आहे. काल तोच कागद काढला. तिसऱ्या शब्दाला अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "मामा, तू कागद बदललास."