लॅपटॉपवर पास, बिल्ड सर्व्हरवर विसातून एकदा फेल: शोध कुठून सुरू करायचा?

अर्धविराम (प्रश्न)

पायथनमधली एक सेवा आहे, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. ऑर्डर आली की मालाचा शिल्लक साठा कमी होतो. सेवा एकाच प्रोसेसमध्ये आठ थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) चालते. टेस्ट साधी आहे: साठा १००, एकेका नगाच्या ४० ऑर्डर एकदम सोडायच्या, शेवटी ६० उरले पाहिजेत. लॅपटॉपवर २०० वेळा चालवली, एकदाही फेल नाही. बिल्ड सर्व्हरवर (जिथे कोड आपोआप तपासला जातो) साधारण विसातून एकदा फेल होते. तेव्हा उरलेला आकडा कधी ६१ असतो, कधी ६२.

सहा आठवड्यांपूर्वीच्या रिलीजवर ही टेस्ट कधी फेल झाल्याची नोंद नाही. मधल्या काळात २४० कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) झालेत. प्रिंट टाकले की बग दिसेनासा होतो, ब्रेकपॉइंट लावला तरी तेच. टीममधून सूचना आली आहे की फेल झाली तर आपोआप आणखी दोनदा चालवावी आणि पुढे जावं.

बायसेक्ट करावं (कमिटची यादी निम्मी-निम्मी करत बिघाड आणणारा कमिट शोधावा), लॉग वाढवावेत की सरळ कोड वाचत बसावं? क्रम काय असावा?

रांगेतलाथ्रेड

आधी त्या सूचनेचं बोलू. विसातून एकदा फेल होणारी टेस्ट तीन संधी दिल्यावर तिन्ही वेळा फेल होण्याची शक्यता ८,००० मध्ये एक. म्हणजे बग तसाच राहील आणि तुम्हाला तो पुन्हा दिसणारही नाही. ग्राहकाला मात्र दिसत राहील, कारण त्याच्या ऑर्डरला तीन संधी मिळत नाहीत.

आता क्रम. काहीही बदलण्याआधी चूक नीट वाचा. तुमचा आकडा नेहमी ६० च्या वर जातो. ५९ किंवा ५८ एकदाही आलेला नाही. एकच ऑर्डर दोनदा प्रोसेस झाली असती तर आकडा खाली गेला असता. इथे वजाबाकी हरवते आहे. मग फक्त दोन शक्यता उरतात: ऑर्डर पोचलीच नाही, किंवा पोचली, तिने साठा कमी केला आणि दुसऱ्या कुणीतरी तो आकडा पुसला. ऑर्डरच्या टेबलात ४० रो (ओळी) आहेत का ते मोजा. ४० असतील तर पहिली शक्यता बाद. एका क्वेरीत अर्धं रान मोकळं होतं आणि त्यासाठी कोडला हात लावावा लागत नाही.

दुसरं, दर मोजा. ‘साधारण विसातून एकदा’ यावर पुढचं गणित उभं राहत नाही. बिल्ड सर्व्हरवरच ३०० वेळा चालवा आणि किती फेल झाल्या ते लिहून ठेवा. जुन्या रिलीजवरही ३०० वेळा चालवा. तिथे शून्य आलं तरी ‘बग नाही’ असं समजू नका. ३०० मध्ये शून्य याचा अर्थ एवढाच की खरा दर बहुधा एक टक्क्याच्या आत आहे (३ भागिले रनची संख्या, हा ९५ टक्के खात्रीचा ढोबळ हिशोब).

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: दर वाढवा. पाच टक्क्यांच्या बगवर प्रयोग करणं म्हणजे प्रत्येक उत्तरासाठी तासभर ताटकळणं. साठा वाचणं आणि परत लिहिणं यांच्यामधला वेळ वाढला की दोन थ्रेड एकमेकांच्या पायात येण्याची शक्यता वाढते. लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच असतो, म्हणून हा वेळ अगदी थोडा. बिल्ड सर्व्हरवर तो बहुतेक वेगळ्या कंटेनरमध्ये असतो, कोरही कमी मिळतात, त्यामुळे तोच वेळ ताणला जातो. तुमच्या दोन मशीनमधला फरक बहुधा एवढाच.

कोडमध्ये स्लीप टाकण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. साठ्याच्या टेबलावर ‘बिफोर अपडेट’ ट्रिगर (अपडेटच्या आधी डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लावा आणि त्यात पीजी_स्लीप, म्हणजे थांबा, ०.०५ सेकंदाचा द्या. ट्रिगर ‘फॉर ईच स्टेटमेंट’ असाच हवा. ‘फॉर ईच रो’ केलात तर रोवर लॉक (इतरांना थांबवणारं कुलूप) लागल्यानंतर झोप सुरू होते, आणि आपल्याला थांबा हवा आहे तो लॉकच्या आधी. कोड न बदलता दर पाच टक्क्यांवरून जवळजवळ शंभरावर गेला, तर वाचून मग लिहिण्याचा अंदाज पक्का समजा. दर जागचा हलला नाही, तर तो अंदाज सोडून द्या.

प्रिंटबद्दल: प्रिंट करताना आउटपुटच्या बफरवर लॉक लागतो, थ्रेड तिथे रांगेत उभे राहतात आणि नेमकी टक्कर टळते. बघायला गेलं की लपणाऱ्या अशा बगला संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये हायझेनबग म्हटलं होतं. नोंद हवीच असेल तर प्रत्येक थ्रेडला स्वतःची यादी द्या, तिच्यात मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणाऱ्या) घड्याळाची वेळ आणि वाचलेला-लिहिलेला आकडा टाकत जा, आणि टेस्ट फेल झाल्यावरच ती यादी छापा. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या घड्याळाची वेळ इथे नको, ती मध्येच मागेपुढे सरकवली जाऊ शकते.

दुभाजक

वरच्या उत्तराशी सहमत. बायसेक्टपुरती भर घालतो.

२४० कमिट म्हणजे जेमतेम ८ पायऱ्या. अडचण पायऱ्यांची नाही, ‘चांगला’ या निकालाची आहे. टेस्ट एकदा फेल झाली की तो कमिट नक्की वाईट. पण पास झाली म्हणून तो चांगला ठरत नाही. पाच टक्के दर असेल तर ५९ वेळा सलग पास झाल्यावर ९५ टक्के खात्री मिळते, आणि तीही अपुरी: आठही पायऱ्यांवर तेवढाच धोका पत्करला तर सगळे निकाल बरोबर येण्याची शक्यता दोन-तृतीयांशापर्यंत उतरू शकते. प्रत्येक पायरीला ९९.५ टक्के खात्री हवी असेल तर १०४ रन लागतात. उलट, ट्रिगर लावून दर पन्नास टक्क्यांवर नेला तर ८ रन पुरतात; आठही वेळा चुकून पास होण्याची शक्यता २५६ मध्ये एक. म्हणून आधी दर वाढवा, बायसेक्ट मग.

गिटची ‘बायसेक्ट रन’ कमांड तुमच्या स्क्रिप्टचा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा) बघते. ० म्हणजे चांगला. १२५ म्हणजे हा कमिट तपासता येत नाही, वगळा. १ ते १२७ मधला बाकी कोणताही म्हणजे वाईट, आणि १२८ किंवा त्यावरचा आला की सगळा शोधच थांबतो. घोळ इथेच होतो. पायटेस्ट हे टेस्ट चालवणारं साधन टेस्ट फेल झाल्यावर १ देतं, पण टेस्ट गोळा करतानाच इम्पोर्ट मोडला तर २ आणि एकही टेस्ट सापडली नाही तर ५. हे आकडे तसेच पुढे गेले तर जिथे फक्त एखादं पॅकेज बसलेलं नाही असा कमिटही वाईट ठरतो आणि शोध भलत्याच वाटेला लागतो. स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा: ० आला तर ०, १ आला तर १, बाकी काहीही आलं तर १२५. त्याहून चांगलं म्हणजे उरलेला साठा स्क्रिप्टनेच वाचावा आणि ६० पेक्षा जास्त असेल तरच १ द्यावा. डेटाबेस उठलाच नाही म्हणून फेल झालेली टेस्ट हा तुमचा बग नव्हे.

टेस्ट आणि स्क्रिप्ट दोन्ही रेपोच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर मागच्या कमिटवर जाताच जुनी टेस्ट चालेल. डेटाबेस प्रत्येक पायरीला पुसून नव्याने उभा करा, पुढच्या मायग्रेशनचे (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलांचे) कॉलम जुन्या कोडखाली राहू देऊ नका. आणि नव्या डेटाबेसवर ट्रिगर पुन्हा लावायला स्क्रिप्टला विसरू देऊ नका!

जुनाकंपायलर

बायसेक्टच्या निकालावर एक इशारा. टायमिंगच्या बगमध्ये तो बऱ्याचदा दोषी कमिट दाखवत नाही, दोष उघडा पाडणारा कमिट दाखवतो. चुकीचा कोड तीन वर्षं जुना असू शकतो. परवा कुणीतरी क्वेरी वेगवान केली, कॅश काढला किंवा कनेक्शन पूल (डेटाबेसकडे उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा संच) वाढवला, आणि झाकलेलं उघडं पडलं. तो कमिट मागे घेऊन ‘सुटला’ म्हणू नका.

म्हणून एक सवय लावा. प्रत्येक प्रयोगाआधी तीन गोष्टी लिहा: अंदाज काय, अंदाज खरा असेल तर नेमकं काय दिसेल, आणि खोटा असेल तर काय दिसेल. तिसरा रकाना भरता येत नसेल तर तो प्रयोग करू नका, त्यातून काही शिकायला मिळणार नाही. एका वेळी एकच बदल. पूलचा आकार, थ्रेडची संख्या आणि लायब्ररीचं व्हर्जन एकदम बदलून बग गेला, तर तुमच्या हाती काहीच लागलेलं नसतं.

रेसचा (दोन थ्रेडच्या टकरीचा) अंदाज खोटा ठरला तर दोन मशीनमधल्या फरकांची यादी करा: कोर, टाइमझोन, लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग), टेस्टचा क्रम, हॅश सीड (पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश प्रत्येक प्रोसेसला वेगळा असतो). निम्मे फरक लॅपटॉपवर आणा, फेल होते का बघा, मग उरलेल्यांचे निम्मे. आंद्रेआस झेलर यांच्या डेल्टा डीबगिंगमागे हाच विचार आहे. अपयश टिकवत मोठा इनपुट लहान करायलाही तीच रीत चालते.

अर्धविराम

निकाल असे. बिल्ड सर्व्हरवर ३०० पैकी १४ फेल. प्रत्येक वेळी ऑर्डरच्या टेबलात ४० रो होत्याच. ट्रिगर लावल्यावर लॅपटॉपवरही ५० पैकी ५० फेल. बायसेक्ट ज्या कमिटवर थांबलं तिथे कनेक्शन पूल १ वरून १० केलेला आहे. साठ्याच्या कोडला त्यात हातही लावलेला नाही, तो कोड जुनाच आहे: रो ऑब्जेक्टमध्ये वाचायची, पायथनमध्ये एक वजा करायचा, ऑब्जेक्ट सेव्ह करायचा.

आता दुरुस्तीला तीन मतं आहेत: पायथनचा लॉक, आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चालणारी डेटाबेसची कामं एकमेकांपासून किती अलग ठेवायची ते सेटिंग) वाढवणं, किंवा क्वेरी बदलणं.

रांगेतलाथ्रेड

क्वेरी बदला. एकच कनेक्शन होतं तोवर ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारे क्वेरींचे गट) आपोआप एकामागून एक चालत होती, तो पूलच नकळत तुमचा लॉक होता. अपडेटमध्येच ‘स्टॉक = स्टॉक − नग’ लिहा आणि अटीत ‘स्टॉक >= नग’ घाला. मग किती रो बदलल्या ते तपासा. शून्य असेल तर माल संपला आहे, ऑर्डर नाकारा. ही तपासणी गाळली तर साठा बरोबर राहील, पण नसलेल्या मालाच्या ऑर्डर घेतल्या जातील, म्हणजे एका बगच्या जागी दुसरा.

पायथनचा लॉक एका प्रोसेसपुरता असतो. दुसरा प्रोसेस सुरू केलात की तो निरुपयोगी, आणि टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये चालत असल्याने पासच होत राहील.

आयसोलेशनने काम होतं, पण किंमत समजून घ्या. पोस्टग्रेसमध्ये मुळात रीड कमिटेड ही लेव्हल असते. त्यावरचं रिपीटेबल रीड केलं तर मागे पडलेल्या ट्रान्झॅक्शनला ४०००१ ही एरर येते आणि ती अख्खी ट्रान्झॅक्शन पहिल्या वाचनापासून पुन्हा चालवावी लागते, नुसतं शेवटचं स्टेटमेंट नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनमध्ये रिपीटेबल रीड मुळातच असतं, तरीही तिथे अशी एरर येत नाही, साधं सिलेक्ट करून मग लिहिलं तर अपडेट गुपचूप हरवतं. नाव एक, वागणं दोन, त्यामुळे एकीकडचा उपाय दुसरीकडे उचलून नेऊ नका.

वजाबाकीच्या आधी बराच हिशोब करावा लागत असेल तर सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच रो लॉक करणारी क्वेरी) वापरा. एका ऑर्डरमध्ये अनेक वस्तू असतील तर रो नेहमी आयडीच्या चढत्या क्रमाने लॉक करा. एकाने ७ धरून ९ मागितला आणि दुसऱ्याने ९ धरून ७, की डेडलॉक: दोघंही एकमेकांची वाट बघत अडकतात. पोस्टग्रेस मूळ सेटिंगनुसार एक सेकंद थांबून तो शोधतं आणि एका ट्रान्झॅक्शनचा बळी देतं. (एका अपडेटने एकच वस्तू बदलणाऱ्या वरच्या क्वेरीलाही, त्या क्वेरी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतील तर, हाच क्रम लागू.)

दुभाजक

दुरुस्ती तपासताना ट्रिगर तसाच ठेवा. नव्या क्वेरीला त्याने धक्का लागत नाही, कारण रोवर लॉक मिळाल्यावर पोस्टग्रेस ताजा आकडा घेऊन अट आणि वजाबाकी पुन्हा करतं. ट्रिगरसह ३०० रन शून्य फेल आले की फक्त दुरुस्तीचा कमिट काढा आणि पुन्हा चालवा. टेस्ट लगेच फेल व्हायला हवी. झाली नाही तर तुमच्या दुरुस्तीने बग घालवलेला नाही, मधल्या दुसऱ्या कशाने तरी तो झाकला आहे.

ट्रिगर टेस्टच्या तयारीच्या कोडमध्येच ठेवा, मायग्रेशनमध्ये नको. तो चुकून प्रॉडक्शनवर गेला तर प्रत्येक अपडेट ५० मिलिसेकंदांनी लांबेल.

जुनाकंपायलर

दोन कामं राहिली. वाचा-बदला-सेव्ह करा हा साचा कोडमध्ये आणखी कुठे आहे ते शोधा: कूपनची उरलेली संख्या, वॉलेटमधली शिल्लक, पावती क्रमांक. पूल वाढल्यापासून तेही उघडे पडले आहेत.

आणि प्रॉडक्शनमधले आकडे. कोड सुधारला म्हणून चुकलेला साठा आपोआप दुरुस्त होत नाही. पूल वाढवलेला कोड प्रॉडक्शनवर गेला असेल तर त्या दिवसापासूनच्या ऑर्डर, परतावे आणि आवक यांची बेरीज करून प्रत्येक वस्तूचा साठा नव्याने काढा आणि टेबलाशी ताडून बघा. टेबलात जास्त दिसतो तिथे वजाबाकी हरवली आहे. कमी दिसला तर आवक नोंदवणारा कोड बघा, तिथेही हाच साचा असेल तर बेरीज हरवते.