मदत हवी आहे: फिलिबस्टर काढावं की ठेवावं?

मंडळी, लेकीला शाळेच्या डिबेटमध्ये अमेरिकन सिनेटमधलं फिलिबस्टर (चर्चा लांबवत ठेवून बिल मतदानाला येऊच न देण्याची पद्धत) काढून टाका या बाजूने बोलायचंय. चर्चा थांबवायला १०० पैकी ६० सिनेटर तयार नसतील तर बहुतेक बिलं मतदानापर्यंत पोचतच नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. १९५७ मध्ये सिव्हिल राइट्स बिल अडवायला सिनेटर स्ट्रॉम थरमंड सलग २४ तास १८ मिनिटं बोलत उभे होते, तो मुद्दा घेतलाय, शिवाय न्यायाधीश-अधिकाऱ्यांच्या नेमणुकांसाठी ६० ची अट २०१३ आणि २०१७ मध्ये काढलीच ना, मग कायद्यांनाच का ठेवायची? पण समोरचे विचारणारच, उद्या विरोधकांकडे ५१ झाले आणि त्यांनी तुमचे कायदे पटापट रद्द केले तर? याला खणखणीत उत्तर काय द्यावं? जाणकारांनी शुक्रवारच्या आत सांगा प्लीज.