शब्दचर्चा: माइनस्वीपर विमानाला मराठीत काय म्हणायचं?

सायलेंट_रीडर: दुसऱ्या महायुद्धावरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात अडलेय. ब्रिटिशांच्या वेलिंग्टन बॉम्बरला साधारण 48 फूट व्यासाचं आडवं कडं बसवलेलं, नाक, पंख आणि शेपटीला जोडून. त्यात अ‍ॅल्युमिनियमची कॉइल, आणि पोटात फोर्डचं व्ही-8 इंजिन, ते फक्त जनरेटर फिरवायला! करंट सोडला की जहाजासारखं चुंबकीय क्षेत्र तयार व्हायचं, विमान पाण्याच्या अगदी जवळून उडत गेलं की समुद्रतळाचा जर्मन सुरुंग फसून फुटायचा. पहिला फुटला 8 जानेवारी 1940 ला. मी 'सुरुंगशोधक' लिहिलं, संपादकांनी 'सुरुंगनाशक' केलं. बरोबर काय?

गोदीकर: शोधक नाहीच, ते शोधत कुठे होतं, सरळ पट्ट्यापट्ट्याने उडत जायचं. स्वीप म्हणजे झाडणं, हा शब्द जहाजांचा, पाण्यात तार ओढत न्यायची, नांगरलेल्या सुरुंगाची साखळी तुटली की तो वर येतो मग गोळी घालून फोडायचा. आमच्या घरात सगळे गोदीत, आम्ही माइनस्वीपरच म्हणतो, 'पाणसुरुंग' फक्त पेपरात वाचला.

शब्दवेडी: म्हणून मराठी शब्द टाकून द्यायचा का? पाणसुरुंग किती छान आहे, पाणकोंबडी पाणबुडीच्या रांगेतला. मी 'सुरुंगझाडणी' सुचवते.

रानवाट: झाडणी नको, ऐकणाऱ्याला अंगण दिसतं. मुळात सुरुंग म्हणजे भुयार ना? आमच्याकडे विहिरीत कातळ लागला की सुरुंग लावतात, म्हणजे भोक पाडून दारू ठासायची. समुद्रात सोडलेल्या डब्याला सुरुंग का म्हणायचं?

शब्दवेडी: इंग्रजीतही माइन म्हणजे आधी खाण, मग किल्ल्याच्या तटाखालचं भुयार, मग त्यातली दारू. आपणही त्याच वाटेने आलो. सुरुङ्गा कौटिल्याकडे आहे आणि बरेच अभ्यासक तो ग्रीक सिरिंक्सवरून (म्हणजे नळी, भुयार) आलाय म्हणतात, म्हणजे शुद्ध देशी म्हणून मिरवायचीही सोय नाही.

गोदीकर: मग माइन घ्यायला काय हरकत, तोही परकाच. आणि ब्रिटिशांनी या विमानाचं नाव मुद्दाम खोटं ठेवलेलं, डिरेक्शनल वायरलेस इन्स्टॉलेशन, शत्रूला ते वायरलेसचं काम वाटावं म्हणून. जर्मनांनीही पुढे आपल्या युंकर्स 52 विमानाला असंच कडं लावलं.

विद्युत: एक दुरुस्ती, चुंबकीय नाही, चौंबकीय लिहा.

शब्दवेडी: का बरं? -ईय लागला की पहिला स्वर वाढत नाही. केंद्रचं केंद्रीय, विभागचं विभागीय. इतिहासचं ऐतिहासिक होतं ते -इक मुळे.

विद्युत: चौंबक हे विशेषण आधीच आहे, त्यावरून चौंबकीय, आम्ही कॉलेजात तेच लिहायचो.

शब्दवेडी: विशेषणाला परत विशेषणाचा प्रत्यय कशाला? नुसतं चौंबक लिहा मग.

सायलेंट_रीडर: ते ठरेल तेव्हा ठरेल, पण मला उद्या लेख द्यायचाय, नाशक की स्वीपर?

रानवाट: 'सुरुंगफोडे विमान' करा, पाथरवट सुरुंग फोडतो असंच म्हणतात.

विद्युत: फोडे चालेल, पण आधी चौंबक लिहा.