समाजशास्त्रातून जागतिक आरोग्याकडे: कुठे शिकावं?

घाटवाट
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.ए. समाजशास्त्र यंदा संपतंय. आई आशाताई, त्यामुळे घरात कायम लसीकरणाच्या याद्या आणि मानधन थकल्याच्या गप्पा. त्यातूनच या विषयाची ओढ लागली. ग्लोबल हेल्थ शिकायचंय, पण जिकडे बघावं तिकडे एमबीबीएस नाहीतर बीडीएसवाले. टिसला (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) जावं की थेट परदेशी? शेती दोन एकर आहे, हे धरून सांगा. शिवाय काकांनी पेच टाकलाय, "डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, दवाखान्यात तुझं काम काय?" याचंही उत्तर हवंय.

चिंचोके
टिस, डोळे झाकून. मुंबई कॅम्पसला एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं मास्टर्स आहे, त्यातलं सोशल एपिडेमिऑलॉजी बघ, म्हणजे समाजात आजार कुणाला आणि का होतात याचा अभ्यास. प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. दिल्लीला जेएनयूत सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थचं केंद्र आहे, पुढे पीएचडी करायची असेल तर तेही उत्तम. वर्षाखेरीस फॉर्मवर डोळा ठेव.

बोरकूट
आधी काकांचं बघू. २०१४ साली गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये इबोला पसरला. मृतदेहातून लागण होते म्हणून पथकं यायची, प्रेत उचलायची आणि जायची. ना आंघोळ, ना प्रार्थना. लोक पेशंट लपवायला लागले. आपल्याला हे नवीन नाही. १८९७ च्या पुण्यात रँडचे सोल्जर घरात घुसून प्लेगचे रोगी शोधत होते, तेव्हाही लोकांनी रोगी लपवलेच.

गिनीत 'किसी' नावाच्या समाजातली एक गरोदर बाई वारली. पोटातलं मूल वेगळं केल्याशिवाय तिला पुरायचं नाही, ही तिथली रीत, आणि ते करणं म्हणजे लागणीला आमंत्रण. गाव हटून बसलं. मग मानववंशशास्त्रज्ञांनी जाणती माणसं शोधली, अशा वेळी दोष फेडायचा वेगळा विधी असतो हे समजून घेतलं, आणि त्याचा खर्च जागतिक आरोग्य संघटनेने उचलला. तिला पोट न उघडता पुरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरक्षित आणि सन्मानाच्या दफनाची नवी नियमावली आली. काकांना म्हणावं, हे काम कुठल्या डॉक्टरला शिकवतात?

सडेतोड
छान गोष्ट. पण दोन एकरवालीने गिनीला जायचं का? नोकरीचं बोला.

बोरकूट
@सडेतोड, रास्त आहे. नोकऱ्या बहुतेक संस्थांमध्ये, प्रकल्पावर, दोन-तीन वर्षांच्या करारावर. पगार बरा, खात्री नाही. मी अकरा वर्षं हेच करतोय आणि घराचं कर्ज बायकोच्या पगारावर मिळालं!

@घाटवाट, परदेशाची घाई नको. लंडनला किंग्ज कॉलेजात ग्लोबल हेल्थचा आख्खा विभाग आहे, अ‍ॅमस्टरडॅमला मेडिकल अँथ्रोपॉलॉजीचं, म्हणजे आरोग्याकडे बघणाऱ्या मानववंशशास्त्राचं, मास्टर्स आहे, दोन्ही नावाजलेले. पण कर्ज काढून जाऊ नकोस. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, तो इथे मिळव. अनुसूचित जातीत असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

आणि मुलाखत घ्यायला शिक. नंदुरबारकडे गरोदर बायकांना देतात त्या लोहाच्या गोळ्यांचा आमचा सर्व्हे चालू होता. एका घरात तांदळाच्या डब्यात सात न फोडलेली पाकिटं निघाली. फॉर्मवर कारणं चार: विसरली, मळमळते, माहिती नाही, इतर. मी 'माहिती नाही'वर खूण करणार, तेवढ्यात त्या घरातली बाई म्हणाली, "गोळीनं बाळ मोठं होतं, मग अडतं. अडलं की तालुक्याला नेतात. गाडीचे पैसे कोण देतं?" तिला सगळी माहिती होती, आमच्यापेक्षा दोन पावलं जास्तच. मी 'इतर' भरलं. अहवालात 'इतर १२ टक्के' असं एका ओळीत ते संपलं.

आजोबा_नगरकर
जामखेडचं नाव कुणीच घेतलं नाही? १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने तिथे गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, त्यातल्या कित्येक निरक्षर. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यामागे (सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवा मागणारा जागतिक जाहीरनामा) ज्या अनुभवांची चर्चा होती त्यात जामखेड होतं. पोरी, तुझी आई त्याच परंपरेतली. आधी जामखेड नाहीतर गडचिरोलीची 'सर्च' ही आरोग्य संस्था बघून ये, एसटीने होतं.

चिंचोके
+१. पुण्यात 'साथी', मुंबईत 'सेहत' या संस्था आहेत. दोन्हीकडे आरोग्य हक्कांवर संशोधन चालतं. इंटर्नशिप विचार.

घाटवाट
सगळ्यांचे आभार. टिसचा फॉर्म भरणार, त्याआधी सुट्टीत जामखेड. बोरकूटदादा, तुमचा डब्याचा किस्सा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमच्या रजिस्टरात 'इतर'चा रकानाच नाही, मी मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहिते." आठ वर्षांची रजिस्टरं माळ्यावर आहेत. यावर प्रबंध होईल का?

बोरकूट
माळ्यावरून आजच उतरव. उंदीर आहेत का घरात?