तंबाखू नाही, नुसती सुपारी. तोंड कमी उघडतंय, काय तपासायचं?

चिंचोका: दीर 26 वर्षांचा. गुटखा सुटला, पण साधी सुपारी दिवसभर सुरू. "यात तंबाखू कुठंय?" हे पालुपद. तिखट झोंबतं, जांभई देताना गाल ओढतात. घरी काय बघता येईल? सुपारी सोडली की तोंड पूर्ववत उघडेल?

दंतवेडा: 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू नसली तरी. तिच्यातल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साचतं आणि कडक पट्टे तयार होतात. हा सबम्युकस फायब्रोसिस, कर्करोगाच्या आधीची अवस्था. सुपारी थांबवली तर जळजळ कमी होते. पट्टे सहसा विरघळत नाहीत. मग जबड्याचे व्यायाम, गालात इंजेक्शनं, फारच आवळलं तर शस्त्रक्रिया.

घरी बघताना आरसा आणि टॉर्च घ्या. स्वतःची तीन बोटं उभी, समोरच्या दातांमध्ये जातात का? मग गाल बाहेर ओढून हिरडी आणि गालामधली खाच बघा. आपल्याकडे पुडी तिथेच दाबतात, कर्करोगही तिथेच जास्त. जिभेच्या कडा आणि खालची बाजूही. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा (हा जास्त धोक्याचा), दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, विनाकारण हलणारा दात, मानेत गाठ. दुखण्याची वाट बघू नका, सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

अडकित्ता: जेल आणि बी-कॉम्प्लेक्सवर महिने जातात, घोळ तिथेच होतो. टोकदार दात लागत असेल तर घासून घ्या. तरी दोन आठवड्यांत व्रण भरला नाही तर त्याचा छोटा तुकडा काढून तपासायचा (बायोप्सी). तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो ही निव्वळ अफवा.

सरकारी मौखिक तपासणी 30 वर्षांवरच्यांसाठी आहे, पण तक्रार असेल तर वय बघत बसू नका. दंत महाविद्यालय गाठा.

चिंचोका: दोनच बोटं जातात. निकोटीन गम द्यावा का?

दंतवेडा: दोन म्हणजे याच आठवड्यात दाखवा. सुपारीत निकोटीन नसतं, त्यामुळे तिच्यासाठी गम निरुपयोगी. पण 2012 च्या गुटखाबंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू वेगळ्या पुड्यांत मिळू लागले, तेव्हा खिशात दुसरी पुडी नाही ना बघा. असेल तर डॉक्टरांना निकोटीन पॅचबद्दल विचारा. आवळलेल्या जबड्याला गम चघळणं जड जातं. तंबाखू सोडायला मोफत फोन: 1800-11-2356. आणि दारू घेत असेल तर तीही थांबवा, तंबाखूसोबत धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो.